लग्नाच्या कॅसेटी, जुन्या सीड्या आणि एआय: घरचं शूटिंग लावून ठेवायची पद्धत

घरात लग्नाच्या, बारशाच्या, जावळाच्या कॅसेटी आणि सीड्या पडून आहेत, त्या एकदाच्या नीट लावायच्या आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. आमच्या मराठवाड्यातल्या भावकीतलं सगळं शूटिंग मी असं लावून घेतलं. त्यात जे शिकायला मिळालं ते क्रमाने देतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एआयची साधनं तीन तासांच्या टेपचे प्रसंगाप्रमाणे तुकडे पाडतात, सारखे दिसणारे चेहरे एकत्र करतात, बोललेलं लिहून देतात, पाटीवरची अक्षरं वाचतात. पण हळदीच्या गर्दीत खांबाला टेकून उभी असलेली हिरव्या लुगड्यातली बाई कोण, हे त्यांना सांगता येत नाही. ते तुमच्या आत्याला माहीत आहे, थोरल्या काकूला माहीत आहे, आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एकच आहे: आत्याजवळ बसाल तेव्हा तिला तीन तास बँड बघावा लागू नये, नेमके चेहरे आणि नेमके प्रसंग तिच्यासमोर यावेत.

घरातलं कुणी फार थकलेलं असेल तर पायऱ्यांचा क्रम पाळत बसू नका. एक टेप कशीही चालवा आणि सरळ सातव्या पायरीला जा.

## काय काय लागेल

- चालू व्हीसीआर किंवा व्हीसीपी. नवा मिळणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, ती शेवटची. नात्यात विचारा, जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे विचारा.
- हँडीकॅमच्या छोट्या टेप असतील तर त्याच प्रकारचा चालू हँडीकॅम.
- यूएसबी कॅप्चर डिव्हाइस, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना एका बाजूला आणि यूएसबी दुसऱ्या बाजूला.
- सीड्यांसाठी बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह.
- लॅपटॉप. १६ जीबी रॅम असेल तर काम सुखाचं होतं, ८ मध्येही भागतं.
- दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. एकीवर भागवू नका.
- मोफत मिळणारे प्रोग्राम: व्हीएलसी (व्हिडिओ बघायला), ओबीएस स्टुडिओ (टेप संगणकात उतरवायला), लॉसलेसकट (तुकडे कापायला), डिजीकॅम (चेहरे शोधायला), सबटायटल एडिट (बोललेलं लिहून घ्यायला).
- कागदपत्रं: लग्नपत्रिका, फोटोंचे अल्बम, वंशावळ असेल तर ती, आणि आहेराची वही.

आहेराची वही शोधाच. कोण आलं होतं, कुठल्या गावाहून आलं होतं, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. चेहऱ्यांना नावं देताना या वहीइतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच कागदाचा होत नाही. बऱ्याच घरांत ती लग्नानंतर दोन-तीन वर्षांत रद्दीत जाते, म्हणून आधी तिचे फोटो काढून ठेवा.

## १. सगळं एका जागी आणा आणि आधी नुसती यादी करा

माळ्यावरची पत्र्याची पेटी, कपाटाचा वरचा कप्पा, मामाच्या घरची पिशवी, सगळं एकत्र करा. प्रत्येक कॅसेटला पेन्सिलने क्रमांक द्या. कव्हर, कॅसेटवरचं लेबल आणि आतली चिठ्ठी यांचे मोबाइलवर फोटो काढा. कव्हर आणि कॅसेट यांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे लेबलवर लिहिलेलं खरं मानून चालू नका.

आता दोन गोष्टी, टेप चालवायच्या आधीच्या.

पहिली बुरशीची. कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे बघा. पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या टेपांवर जाते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या. आपल्याकडची हवा कोरडी असली तरी गळक्या पत्र्याखाली एक पावसाळा काढलेल्या पेटीत बुरशी सापडते.

दुसरी, व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती तोडून टाका. ती असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर जुनं पुसून नवीन भरलं जातं.

## २. टेप संगणकात आणा

टेप तिच्या वेगानेच उतरते. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. म्हणून वीज कधी जाते ते बघून वेळ ठरवा. लॅपटॉपला बॅटरी आहे, व्हीसीआरला नाही. इन्व्हर्टरवर लावता आला तर उत्तम. एप्रिल-मे मध्ये दुपारी हे काम करू नका. सकाळी लवकर लावा, व्हीसीआर तापला की थांबवा.

ओबीएस स्टुडिओमध्ये या गोष्टी बसवा:

- व्हिडिओचा प्रकार पाल. भारतातल्या टेप याच पद्धतीच्या आहेत, सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि ५७६ ओळींच्या. बरीच स्वस्त कॅप्चर डिव्हाइस अमेरिकन एनटीएससीवर बसवलेली येतात. चित्र काळं-पांढरं दिसतंय किंवा वरखाली पळतंय, तर बहुधा टेप खराब नसते, ही सेटिंग चुकलेली असते. टेप खराब झाली म्हणून फेकण्याआधी हे बघा.
- चित्राचा आकार ४:३, म्हणजे ७६८ बाय ५७६. नव्या टीव्हीएवढं ताणलं की सगळी माणसं रुंद दिसतात, आणि चेहरे जुळवणारा प्रोग्रामही गोंधळतो.
- डीइंटरलेसिंग चालू, त्यात याडिफ २एक्स, आणि फ्रेम ५०. हे राहिलं तर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात.
- फाईलचा प्रकार एमकेव्ही. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना मध्येच वीज गेली तर पूर्ण फाईल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमधूनच एमपी४ करून घ्या.
- बिटरेट ८,००० केबीपीएस. एका तासाला साधारण साडेतीन जीबी जागा लागते.

मिनीडीव्ही टेप असेल तर कॅप्चर डिव्हाइस वापरू नका. ती आधीच डिजिटल आहे. फायरवायर केबलने जशीच्या तशी उतरवा, तासाला सुमारे १३ जीबी होते.

सीड्यांचं काम सोपं आहे. व्हिडिओ सीडीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या डॅट फाईल कॉपी करा, व्हीएलसीमध्ये चालतात. सीडी पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल पुसू नका. आणि सीडीची लेबलची बाजू जपा. माहितीचा थर त्या बाजूला, अगदी वरच असतो. खालच्या बाजूचा ओरखडा एक वेळ चालतो, वरचा पापुद्रा निघाला तर तेवढा भाग गेला.

गावातल्या शूटिंगवाल्याकडून उतरवून घेणार असाल तर त्याला एकच गोष्ट ठासून सांगा: पेन ड्राइव्हवर पूर्ण आकाराची मूळ फाईल द्या, त्यावर पुन्हा मिक्सिंग करू नका, गाणी बदलू नका. बँडच्या आवाजाखाली आजीचा आवाज असतो. वर नवीन गाणं बसवलं की तो कायमचा जातो.

उतरलेली फाईल ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं.

## ३. प्रसंगांचे तुकडे पाडा

लॉसलेसकटमध्ये दृश्यबदल शोधण्याची सोय आहे. ती चालवली की कॅमेरा जिथे बंद-चालू झाला तिथे खुणा पडतात. हा प्रोग्राम चित्र पुन्हा दाबत नाही, नुसतं कापतो, त्यामुळे दर्जा तोच राहतो.

लग्नाच्या शूटिंगमध्ये हे यंत्र दोन ठिकाणी फसतं. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की त्याला नवं दृश्य वाटतं. आहेराच्या वेळी तर शंभर तुकडे पडतात. आणि बदाम फिरत येणं, पान उलटणं असे जुन्या मिक्सिंगमधले इफेक्ट आले की दोन प्रसंग एकाच तुकड्यात राहतात. म्हणून संवेदनशीलता कमी ठेवा आणि पडलेले तुकडे हाताने जोडून प्रसंग तयार करा: टिळा, हळद, देवक, सीमांतपूजन, वरात, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी, पंगत, आहेर, पाठवणी. फार बारीक जाऊ नका. एका लग्नाचे पंधरा-वीस तुकडे पुरेत.

पंगतीचा तुकडा मात्र कधीच कापून टाकू नका, कितीही कंटाळवाणा वाटला तरी. शूटिंगवाला ओळीने प्रत्येकासमोरून कॅमेरा नेतो, त्यामुळे लग्नाला आलेल्या जवळजवळ सगळ्यांचे चेहरे तिथे सरळ समोरून मिळतात.

फाईलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने आणि इंग्रजी अंकांत, म्हणजे संगणकात आपोआप ओळीने लागतात. तारीख माहीत नसेल तर नुसतं वर्ष, वर्षही माहीत नसेल तर ‘अंदाजे’ असा शब्द नावातच ठेवा.

## ४. चेहरे वेगळे करा, पण नावं देऊ नका

डिजीकॅम तुमच्या लॅपटॉपवरच चालतो, कुठे काही पाठवत नाही. तो फोटोंतले चेहरे ओळखतो, म्हणून आधी लॉसलेसकटमधून दर दोन-तीन सेकंदांना एक अशी स्थिर चित्रं काढून घ्या आणि ती डिजीकॅमला द्या. तो चेहरे शोधून देईल. दोन-चार तुम्ही हाताने निवडून दिले की उरलेले तो स्वतः सुचवत जातो. गुगल फोटोज हे काम व्हिडिओवर थेट करतं आणि सोपं आहे, पण तिथे सगळं शूटिंग कंपनीच्या सर्व्हरवर चढवावं लागतं, मोफत जागा जीमेल धरून १५ जीबीच असते, आणि गावाकडच्या इंटरनेटवर ते चढायला फार वेळ लागतो.

या टप्प्यावर प्रत्येक गटाला क्रमांक द्या: चेहरा १, चेहरा २. नाव देण्याची घाई करू नका. एकदा नाव चिकटलं की पुढे सगळे ते खरं धरतात.

प्रोग्राम कुठे चुकतो तेही लक्षात ठेवा. चुलत भाऊ एकाच गटात येतात. नवरा बाशिंग आणि मुंडावळ्यांत वेगळा माणूस होतो, हळदीत आणखी वेगळा. डोक्यावर पदर घेऊन बाजूला तोंड केलेल्या बायका बऱ्याचदा सुटूनच जातात, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पुरुष फेटा बांधून कॅमेऱ्यासमोर बसतात, त्यांचे पन्नास चेहरे मिळतात. जिने चार दिवस चूल सांभाळली तिचा अर्धा चेहरा एका कोपऱ्यात असतो. म्हणून स्वयंपाकाच्या, हळदीच्या, पाठवणीच्या तुकड्यांतून हाताने थांबवून थांबवून अशा बायकांची चित्रं काढा. ही मेहनत घ्याच.

लहान मुलांचे गट मोठ्यांशी जोडायचा प्रयत्न करू नका. चार वर्षांचा मुलगा आणि तोच तिसाव्या वर्षी, हे प्रोग्रामला नीट जमत नाही. दोन वेगळे क्रमांक राहू द्या, माणसं सांगतील.

## ५. बोललेलं कागदावर आणा

सबटायटल एडिटमध्ये व्हिस्पर जोडता येतं. हे बोलणं ऐकून लिहून देणारं, ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं मॉडेल, इंटरनेटशिवाय चालतं. भाषेच्या जागी ‘मराठी’ स्वतः निवडा. आपोआप ओळखायला सांगितलं तर ते पुष्कळदा हिंदी धरतं. लहान मॉडेल मराठीसाठी घेऊ नका, ‘लार्ज’ घ्या. साध्या लॅपटॉपवर ते फार सावकाश चालतं, रात्री लावून झोपा.

पुस्तकी मराठीत भाषण असेल तर बरंच नीट उतरतं. ‘काय करायलास’, ‘आम्ही जायलोत’ असलं आपलं बोलणं आलं की ते जवळचा प्रमाण शब्द घालतं किंवा भलताच. उदगीर-निलंग्याकडे कन्नड, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी आणि सगळीकडेच दखनी उर्दू असं एकाच मांडवात मिसळलेलं असतं. तिथे मजकुरावर विसंबू नका, नुसता शोधायला उपयोग करा. दुरुस्त करताना आजीचं बोलणं प्रमाण मराठीत बदलू नका, ती जसं बोलली तसंच लिहा.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. बँड वाजत असताना किंवा शांतता असताना व्हिस्पर न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं. तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, कधी ‘धन्यवाद’ येतं. वाचायला ती वाक्यं अगदी खरी वाटतात. म्हणून ज्या ओळीला महत्त्व देणार आहात ती कानाने ऐकल्याशिवाय ठेवू नका.

हळदीच्या, जात्यावरच्या ओव्या सापडल्या तर तो तुकडा आधी वेगळा करा. डीमक्स नावाच्या मोफत प्रोग्रामने गाण्यातला माणसाचा आवाज आणि वाद्यं वेगळी होतात. हलगीच्या आवाजातून ओवी पूर्ण सुटी होत नाही, पण शब्द पकडण्याइतकी स्पष्ट होते. तरी शब्द एआयकडून घेऊ नका, त्याला ओव्यांतली भाषा कळत नाही. गावातल्या ज्या बाईला ती ओवी येते तिला ऐकवा.

## ६. वर्ष आणि गाव ओळखा

इथे एआयला प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. ‘हा व्हिडिओ कुठल्या सालचा?’ असं विचारलंत तर तो एक साल सांगेल, आणि ते कपड्यांवरून केलेला अंदाज असेल. त्याला फक्त दिसतं ते वाचायला लावा. मी जेमिनीला किंवा चॅटजीपीटीला चित्र देताना हे लिहितो:

‘या चित्रात जे दिसतं तेवढंच सांग. पाटी, बॅनर, गाडीचा नंबर, कॅलेंडर यांवरचा मजकूर जसाच्या तसा लिही. अक्षर वाचता येत नसेल तिथे “वाचता येत नाही” असं लिही. माणसांचं नातं, वय, गाव किंवा साल यांचा अंदाज करू नको.’

मग पुरावे तुम्ही जुळवा. आपल्या भागात हे कामाला येतात:

गाडीचे नंबर. एमएच २० औरंगाबाद, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ उस्मानाबाद, २६ नांदेड, ३८ हिंगोली. वऱ्हाडाची जीप कुठून आली ते यावरून कळतं.

जिल्ह्यांची नावं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या बॅनरवर ‘जि. परभणी’ असलेलं गाव आज हिंगोलीत असू शकतं. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ पासून अधिकृत आहेत.

विद्यापीठाची पाटी. नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेल तर ती पाटी १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराआधीची. पदवीदान किंवा गॅदरिंगच्या टेपसाठी हा पुरावा फार पक्का. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ मध्येच सुरू झालं, म्हणजे त्याचं नाव दिसलं तर टेप त्यानंतरची.

घरं. किल्लारी, सास्तूर भागातल्या टेपेत दगडी भिंती आणि धाब्याची घरं असलेलं जुनं गाव नांदतं दिसलं तर ते ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधीचं. त्या भागातल्या टेपा सगळ्यात आधी उतरवा. त्यातलं गाव आणि त्यातली कितीतरी माणसं आता फक्त तिथेच आहेत.

लग्नपत्रिका. पत्रिकेचा फोटो देऊन मजकूर लिहून घ्या, नावं स्वतः तपासा. पत्रिकेवर नुसतं शके असेल तर त्यात ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तर ७९. एआय इथे शके आणि विक्रम संवत यांची सरमिसळ करतो, हा हिशेब हातानेच करा.

आणि पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख? तिच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. हँडीकॅमची आतली बॅटरी उतरली की तारीख मूळ जागी जाते आणि १ जानेवारीला सुरू होते. एक साधी तपासणी: आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थांबतात. लग्नाच्या टेपेवर सप्टेंबरची तारीख असेल तर बहुधा तारीखच चुकलेली आहे.

## ७. वडीलधाऱ्यांसोबत बसा

आता कुठे मुख्य काम सुरू होतं. आतापर्यंतची तयारी नीट झाली असेल तर तुमच्याकडे क्रमांक दिलेले चेहरे आहेत आणि लहान लहान तुकडे आहेत.

चेहरे मोठे करून कागदावर छापून घ्या, एका पानावर चारापेक्षा जास्त नको, खाली ठळक क्रमांक. लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांना दिसत नाही, पण त्या ते सांगत नाहीत, ‘हो, दिसतंय’ म्हणतात. तुकडे टीव्हीवर लावा. सकाळचा चहा झाल्यावर बसा, एका बैठकीत एकच प्रसंग घ्या, वीस-पंचवीस मिनिटांत आटपा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला आधी विचारा आणि मग तो मध्ये ठेवून द्या. लिहीत बसलात तर बोलणं तुटतं.

प्रश्न उघडा ठेवा. ‘ही गंगाबाई ना?’ असं विचारलंत तर आत्या तुमचं मन राखायला हो म्हणेल. ‘ही कोण गं आत्या?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग कुणाची कोण, माहेर कुठलं, दिली कुठे, हे तिच्याकडून आपोआप येतं.

शक्य असेल तर दोघींना एकत्र बसवा, नणंद-भावजय किंवा दोघी बहिणी. एक चुकली की दुसरी ‘ती नव्हं ती, ती तर पाथरीला दिलेली’ म्हणते, आणि त्या वादातून जे निघतं ते एकटीकडून कधीच निघत नाही. एकमत झालं नाही तर दोन्ही नावं लिहून ठेवा, निकाल तुम्ही लावू नका.

नाव लिहिताना नातं नुसतं ‘मावशी’ असं लिहू नका. कुणाची मावशी, हे पुढच्या पिढीला कळणार नाही. बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं, नवऱ्याचं आणि दोन्ही गावं लिहा. तिला घरात ज्या नावाने हाक मारत ते तर लिहाच. टेपेत तीच हाक ऐकू येते आणि शोधताना तीच उपयोगी पडते.

मधेच गेलेल्या माणसाचा चेहरा येतो. आजोबा हसत पंगतीत वाढताना दिसतात आणि आजी एकदम गप्प होते. अशा वेळी पुढचा तुकडा लावू नका. टीव्ही थांबवा, पाणी द्या, बोलायचं असेल तर बोलू द्या. आम्ही अशा वेळी त्या दिवशीचं काम तिथेच संपवत होतो. कुणाचं मूल, कुणाचा तरुण मुलगा गेलेला असेल तर तो तुकडा दाखवायच्या आधी घरच्यांना विचारा.

संध्याकाळी ते रेकॉर्डिंग व्हिस्परमधून काढा आणि कानाने तपासून नावं क्रमांकांना जोडा. हे रेकॉर्डिंग खोडू नका. टेपेइतकंच तेही जपायचं आहे.

## ८. एक सूची करा

गुगल शीट किंवा एक्सेल पुरे. प्रत्येक तुकड्याला एक ओळ: फाईलचं नाव, कॅसेट क्रमांक, प्रसंग, तारीख, तारीख कशावरून ठरवली, गाव, कोण कोण दिसतं, कुणी ओळखलं, काय बोललं गेलं. ‘कशावरून’ आणि ‘कुणी ओळखलं’ हे दोन रकाने वगळू नका. पुढे कुणी ‘हे चुकीचं आहे’ म्हटलं तर त्यावरून उलगडा होतो.

बोललेल्याचा मजकूर देऊन चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून दोन ओळींचा सारांश करून घेता येतो, सूची भरायला ते सोयीचं आहे. मात्र त्याने मजकुरात नसलेलं एखादं नातं घातलेलं नाही ना, ते बघा.

गावांची जुनी-नवी दोन्ही नावं लिहा: औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव. म्हातारी माणसं जुनं नाव शोधतील, नातवंडं नवं.

## ९. चेहरे ‘सुधारू’ नका

जुनं धूसर चित्र स्वच्छ करून देणारी एआय साधनं बरीच आहेत. रंग थोडे नीट करणं, आवाजातली घरघर कमी करणं चालेल. चेहरा ‘स्पष्ट’ करणारी सोय मात्र बंद ठेवा. टेपेत नाकाडोळ्यांची माहिती नसतेच, तेव्हा प्रोग्राम ती स्वतःकडून भरतो. आजीच्या जागी आजीसारखी दिसणारी कुणी दुसरीच बाई तयार होते, आणि पुढच्या मुलांना तोच चेहरा आजीचा वाटेल. केलंच तर त्या फाईलच्या नावात ‘एआयने बदललेली’ असं लिहा आणि मूळ फाईलजवळ ठेवू नका. गेलेल्या माणसाला हलवणारे, बोलवणारे व्हिडिओ करण्याआधी त्यांच्या मुलाबाळांची परवानगी घ्या.

## १०. वाटप आणि जपणूक

घरगुती वापरापुरतं केलेलं हे काम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून वगळलेलं आहे. तरी कायदा आणि घर वेगळं. मोडलेली लग्नं, दुसरी लग्नं, आता बोलणं नसलेले भाऊ, हे सगळं त्या टेपांत आहे. ज्यांचं लग्न आहे त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा तुकडा भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. कुणी नको म्हणालं तर कारण विचारू नका.

एआयच्या मोफत सेवांवर चढवलेलं साहित्य कंपनी सुधारणांसाठी वापरू शकते आणि काही वेळा माणसंही ते तपासतात. लहान मुलांच्या अंघोळीचे, आजारपणाचे, घरातल्या पैशांच्या बोलण्याचे तुकडे तिकडे पाठवू नका. ते लॅपटॉपवरच ठेवा.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. यूट्यूबवर खाजगी ठेवूनही चित्रपटातल्या गाण्यांमुळे हक्काचा दावा येतो, कधी आवाज बंद होतो, म्हणून तिथे एकमेव प्रत ठेवू नका. मोठ्या फाईलसाठी पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही.

एक हार्ड डिस्क तुमच्याकडे, दुसरी वेगळ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे. सूची छापून दोन्हींसोबत ठेवा. वर्षातून एकदा, दिवाळीला सगळे जमतात तेव्हा, दोन्ही डिस्क लावून चार-पाच फाईल उघडून बघा.

मूळ कॅसेटी टाकू नका. आतली टेप एका बाजूला शेवटपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, झाकणाच्या कोरड्या डब्यात, पत्र्याखालच्या माळ्यावरून खाली आणून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. टीव्ही, स्पीकर, मिक्सर यांच्याजवळ नको. डब्यावर कॅसेटींचे क्रमांक लिहा, सूचीतले तेच.